वाचकांचे प्रश्न : विरोधी बाकांवरची पन्नास वर्षे

सांगोल्याचे दिवंगत आमदार भाई गणपतराव देशमुख यांचा मागील अंकातील एका लेखात ओझरता उल्लेख आला होता. त्यावर पुणे शहरातून आलेली पत्रे आणि त्यांतील प्रश्नांचे गांभीर्य पाहून या वेळचे सदर पूर्णपणे त्यांच्या विधानसभेतील कारकिर्दीला देत आहोत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे न देता केवळ त्यांच्या वस्तीचा उल्लेख केला आहे.

प्रश्न : आपल्या लेखात गणपतराव देशमुख ‘अकरा वेळा निवडून आलेले’ असे म्हटले आहे. मला मोबाइलवर आलेल्या मजकुरात मात्र ते ‘सलग अकरा वेळा विजयी’, ‘एकही निवडणूक न हरलेले’ आणि ‘देशात सर्वाधिक काळ आमदार राहिलेले’ असे लिहिले होते. यातले खरे किती मानावे? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : अकरा हा आकडा बरोबर आहे. ‘सलग’, ‘अपराजित’ आणि ‘देशात सर्वाधिक’ हे तिन्ही दावे मात्र चुकीचे आहेत.

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतरची पहिली विधानसभा निवडणूक १९६२ साली झाली आणि तीतच गणपतराव शेतकरी कामगार पक्षातर्फे सांगोल्यातून प्रथम निवडून आले. १९६७ साली ते पुन्हा विजयी झाले, १९७२ साली पराभूत झाले आणि त्या वेळी विजयी झालेल्या काँग्रेस आमदारांच्या निधनानंतर १९७४ साली जी पोटनिवडणूक झाली, तिच्यातून सभागृहात परतले. पुढे १९७८, १९८०, १९८५ आणि १९९० असे चार विजय ओळीने मिळाले. १९९५ साली शहाजीबापू पाटील यांनी त्यांचा अवघ्या १९२ मतांनी पराभव केला. त्यानंतर १९९९, २००४, २००९ आणि २०१४ या चारही निवडणुका त्यांनी जिंकल्या, २०१९ साली वयोमानामुळे ते उभे राहिले नाहीत आणि ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात त्यांचे निधन झाले. अकरा विजय आणि दोन पराभव असा हा हिशेब आहे.

देशपातळीवरच्या दाव्याबाबत केरळ आणि तमिळनाडूकडे पाहावे लागते. केरळ काँग्रेसचे के. एम. मणी हे पाला या एकाच मतदारसंघातून १९६५ ते २०१६ या काळात तेरा वेळा निवडून आले. १९६५ची केरळची विधानसभा कोणालाच बहुमत न मिळाल्यामुळे प्रत्यक्षात भरलीच नाही. तो विजय वगळला तरी बारा उरतात. तमिळनाडूचे एम. करुणानिधी यांनीही तेरा विजय मिळवले आणि ते विधानसभेची एकही निवडणूक हरले नाहीत, मात्र त्यांचे मतदारसंघ बदलत गेले. केरळचेच ओमन चंडी पुदुपल्लीतून बारा वेळा निवडून आले. गणपतरावांनी २००९ साली दहावा विजय मिळवला तेव्हा दहा हाच देशातला उच्चांक असल्याचे काही ठिकाणी छापले गेले आणि ते वाक्य तेव्हापासून न तपासता पुढे सरकत राहिले आहे. महाराष्ट्रापुरता मात्र अकरा विजयांचा विक्रम त्यांच्याच नावावर आहे, आणि तोही एकच मतदारसंघ व एकच पक्ष कधीही न सोडता केलेला आहे.

मला स्वतःला या सगळ्यांत १९९५चा पराभव सर्वांत बोलका वाटतो. तोपर्यंत तीस वर्षांहून अधिक काळ आमदारकी केलेला, सत्तरीच्या उंबरठ्यावरचा माणूस दोनशेहून कमी मतांनी हरतो, एवढ्याशा फरकाने हुकलेली जागा परत मिळवण्यासाठी दुसऱ्या पक्षाचे तिकीट शोधत नाही, आणि पुढची चार वर्षे त्याच तालुक्यात तेच काम करून १९९९ साली पुन्हा निवडून येतो. अपराजित ठरवण्याच्या नादात आपण त्यांच्या चरित्रातला हा भागच पुसून टाकतो.

प्रश्न : मी मूळचा सांगोला तालुक्यातला असून स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी पुण्यात राहतो. माझे आजोबा म्हणतात, ‘पाणी आबांनी (म्हणजे गणपतरावांनी) आणलं.’ माझ्या अभ्यासिकेतले मित्र म्हणतात की जन्मभर विरोधी पक्षात बसलेला आमदार काहीच आणू शकत नाही, सह्या मंत्रीच करतात. कोणाचे म्हणणे बरोबर आहे? (एक विद्यार्थी, नारायण पेठ)

उत्तर : आपल्या आजोबांच्या वाक्यात थोडी भर घालावी लागेल. आपल्या मित्रांच्या वाक्याला तर आधारच फार थोडा आहे.

सत्तेतली वर्षे आधी मोजून घेऊ. १९७८ साली शरद पवार यांच्या नेतृत्वाखाली पुरोगामी लोकशाही दलाचे, म्हणजे ‘पुलोद’चे सरकार आले, त्यात गणपतराव मंत्री होते आणि फेब्रुवारी १९८० मध्ये ते सरकार बरखास्त झाले. दुसऱ्यांदा ते १९९९ साली विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारात मंत्री झाले आणि २००२ साली शेतकरी कामगार पक्षाने पाठिंबा काढून घेतल्यावर बाहेर पडले. सभागृहातल्या सुमारे पन्नास वर्षांपैकी मंत्रिपदाची वर्षे ही अशी चारच्या आसपास भरतात. याखेरीज १९७७-७८ मध्ये काही महिने ते विधानसभेतील विरोधी पक्षनेते होते. उरलेला सगळा काळ साध्या सदस्याचा आहे, आणि तोही बहुतांशी विरोधी बाकांवरचा.

साध्या सदस्याच्या हातात काय असते, हे परीक्षेच्या पुस्तकांत एका परिच्छेदात संपवले जाते, म्हणून ते थोडे विस्ताराने सांगतो. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचे तोंडी उत्तर मंत्र्याला सभागृहात द्यावे लागते असा प्रश्न, दाखल झाला की तो संबंधित विभागाकडे जातो आणि तेथून माहिती मागवणारे पत्र कार्यासन अधिकाऱ्यापासून थेट तालुक्यातल्या उपविभागीय अभियंत्यापर्यंत उतरते. कालव्याचे काम का थांबले, भूसंपादन कुठे अडले, ठेकेदाराला किती रक्कम दिली, हे लेखी कळवणे भाग पडते, कारण त्या उत्तराखाली मंत्र्याचे नाव येणार असते. सभागृहात उत्तर अपुरे वाटले तर उपप्रश्न विचारता येतात. उपप्रश्नांतही समाधान झाले नाही तर अर्ध्या तासाची चर्चा मागता येते, नियम १०५ खाली लक्षवेधी सूचना देता येते, नियम २९३ खालच्या चर्चेत तोच विषय व्यापक प्रश्नाला जोडता येतो आणि खात्याच्या अनुदान मागण्यांवर कपात सूचना देऊन त्या खात्याच्या खर्चावरच बोट ठेवता येते. या साऱ्यात मंत्र्याने ‘येत्या मार्चपर्यंत काम पूर्ण करू’ असे म्हटले की ते नुसते बोलणे राहत नाही; विधिमंडळाची आश्वासन समिती ते नोंदवून घेते आणि त्याची पूर्तता झाली की नाही हे खात्याला विचारत राहते.

ही साधने सर्वच सदस्यांना मिळतात, पण ती परिणामकारक होण्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे सभागृहात हजर राहणे आणि दुसरी म्हणजे तोच विषय वर्षानुवर्षे न सोडणे. लहान पक्षाच्या सदस्याला भाषणासाठी वेळ पक्षाच्या संख्याबळानुसार मिळतो, म्हणजे फार थोडा मिळतो, त्यामुळे त्याला तयारी अधिक करावी लागते. गणपतरावांची ख्याती कामकाज संपेपर्यंत बसून राहणारे आणि कागद वाचून बोलणारे सदस्य अशी होती, आणि ती त्यांच्या विरोधकांनीही मान्य केली होती. २०१२ साली त्यांच्या विधानसभेतील प्रवेशाला पन्नास वर्षे झाली तेव्हा सत्ताधारी आणि विरोधक दोघांनी मिळून त्यांचा गौरव केला, तो या कारणासाठी होता असे मी मानतो.

आता पाण्याविषयी. सांगोला तालुका पर्जन्यछायेत येतो. माण नदी वर्षातला बराच काळ कोरडी असते. शेजारचे आटपाडी, जत, मंगळवेढा, कवठे महांकाळ हे तालुकेही त्याच पट्ट्यातले. पण हे सगळे तालुके ‘पश्चिम महाराष्ट्र’ या नावाखाली मोडतात आणि पश्चिम महाराष्ट्र म्हणजे ऊस, कारखाने आणि सुबत्ता असे चित्र मुंबईतल्या फायलींत पक्के झालेले होते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ साली प्रादेशिक असमतोलाचा अहवाल दिला, तेव्हा अनुशेष, म्हणजे विकासातली मागे राहिलेली तूट, मोजण्यासाठी जिल्हा हे एकक धरले गेले. जिल्ह्याच्या सरासरीत बागायती तालुक्याच्या आकड्यांमागे कोरडा तालुका झाकला जातो. त्यामुळे विदर्भ किंवा मराठवाड्याच्या प्रतिनिधींना अनुशेषाची जी घटनात्मक ढाल पुढे मिळाली, ती सांगोल्याच्या प्रतिनिधीला मिळण्याची शक्यता नव्हती. त्याला आपल्याच विभागातल्या, आपल्याच नदीखोऱ्यातल्या अधिक बलवान तालुक्यांकडे पाण्याचा वाटा मागायचा होता, आणि ते राजकीयदृष्ट्या फार अवघड होते.

कृष्णा पाणीतंटा लवादाने, म्हणजे न्या. बच्छावत यांच्या लवादाने, महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले होते आणि त्या निवाड्याचा फेरविचार ३१ मे २००० नंतर होणार होता. त्याआधी आपल्या वाट्याचे पाणी अडवले नाही तर ते हातचे जाईल, ही भीती १९९०च्या दशकात खरी होती. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने १९९३पासून आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या, दुष्काळी तेरा तालुक्यांतले लोक तेथे जमू लागले, आणि गणपतराव त्या व्यासपीठावरचे नित्याचे सहभागी होते. रस्त्यावर जी मागणी होई तीच ते अधिवेशनात मांडत. १९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याच वर्षी टेंभू उपसा योजनेला मान्यता मिळाली. कराडजवळ कृष्णेतून उचललेले पाणी सातारा, सांगली आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांतल्या दुष्काळी भागाला द्यायचे, अशी ही योजना होती. मान्यता देणारे सरकार शिवसेना-भाजप युतीचे होते आणि तेव्हा गणपतराव निवडणूक हरून घरी होते, ही गोष्टही आपण आजोबांना सांगावी.

म्हणून ‘आबांनी पाणी आणले’ या वाक्यात नागनाथअण्णांची चळवळ, वेगवेगळ्या पक्षांची सरकारे, अभियंते आणि जमिनी देणारे शेतकरी यांना जागा करून द्यावी लागते. मान्यतेपासून शेवटच्या टोकाच्या शिवारापर्यंत पाणी पोहोचायला कितीतरी वर्षे गेली, उपशाच्या वीजबिलाचा प्रश्न दीर्घकाळ लोंबकळत राहिला आणि अखेरीस ८१ टक्के शासनाने व १९ टक्के लाभधारकांनी सोसायचे असे ठरले. हे सर्व खरे असले तरी, तीस-चाळीस वर्षे दर अधिवेशनात तोच विषय उभा करणारा माणूस सभागृहात नसता, तर सरकारे बदलताना हा तालुका यादीतून गळाला असता, असे मला ठामपणे वाटते.

प्रश्न : मी खासगी कंपनीतून निवृत्त झालो आहे. नोकरीत असताना दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये असा व्यवसाय कर पगारातून कापला जाई. हा पैसा रोजगार हमीसाठी असतो, असे नंतर वाचले. पुण्यातल्या पगारदाराच्या या पैशाचा आणि गणपतराव देशमुखांच्या राजकारणाचा काही संबंध लावता येईल का? (एक वाचक, सहकारनगर)

उत्तर : लावता येईल, आणि तो जवळचा आहे.

महाराष्ट्रातला व्यवसाय कराचा कायदा १९७५चा आहे आणि रोजगार हमी योजनेला पैसा उभा करणे हाच त्याचा घोषित हेतू होता. शहरातल्या पगारदार, व्यावसायिक आणि व्यापारी वर्गाने कर द्यायचा, राज्य सरकारने तेवढीच भर घालायची आणि त्यातून खेड्यातल्या मागेल त्याला काम द्यायचे, अशी ही रचना होती. आपल्या पगारातून वर्षाला बरोबर २,५०० रुपये का कापले जात, याचे उत्तर संविधानात आहे. अनुच्छेद २७६ मध्ये या कराला कमाल मर्यादा घातलेली असून ती १९८८च्या साठाव्या घटनादुरुस्तीने २५० रुपयांवरून २,५०० रुपयांवर नेण्यात आली.

योजनेचे जनक वि. स. पागे. ते १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती होते. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातल्या विसापूरचा त्यांचा अनुभव, १९६५ साली मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांना त्यांनी केलेली सूचना, मग तासगाव तालुक्यातला प्रयोग आणि १९७२च्या दुष्काळात राज्यभर सुरू झालेली कामे, असा तिचा प्रवास आहे. ज्यांनी तो दुष्काळ पाहिला आहे त्यांना खडी फोडण्याची कामे, मदत म्हणून मिळालेली लाल मिलो ज्वारी आणि सुकडी हा पूरक आहार आठवत असेल. सोलापूर जिल्ह्याने त्याची झळ फार सोसली. कामाचा हक्क कायद्याने मिळाला पाहिजे, ही मागणी शेतकरी कामगार पक्ष आणि इतर डाव्या पक्षांनी मोर्च्यांतून आणि सभागृहांतून सातत्याने लावून धरली होती. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा एकमताने केला आणि तो २६ जानेवारी १९७९ रोजी अमलात आला. त्या दिवशी पुलोदचे सरकार सत्तेवर होते आणि गणपतराव त्यात मंत्री होते. कायदा करणारे काँग्रेसचे, अंमल सुरू करणारे पुलोदचे, असा हा योग आहे, आणि कोणत्याही एका पक्षाला त्याचे सगळे श्रेय देता येणार नाही.

या कायद्यातून सांगोल्यासारख्या तालुक्यात पाझर तलाव, नालाबांध आणि रस्ते झाले. पण तालुक्याचे रूप पालटले ते १९९०नंतर, जेव्हा रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवड योजना सुरू झाली आणि स्वतःच्या शेतात खड्डे घेऊन कलमे लावण्याच्या कामालाही रोजगार हमीतून मजुरी मिळू लागली. कमी पाण्यावर, हलक्या माळरानावर येणारे डाळिंब सांगोल्याच्या शेतकऱ्याने उचलले. सुरुवातीच्या बागांतला ‘गणेश’ हा वाण पुण्यातला आहे. डॉ. चीमा यांनी १९३० च्या दशकात गणेशखिंडीच्या फळबाग संशोधन केंद्रात आळंदी डाळिंबातून त्याची निवड केली होती. पुढे ‘भगवा’ आला आणि त्याने बाजारपेठ व्यापली. २००० नंतरच्या दशकात तेल्या रोगाने हजारो बागा उद्ध्वस्त केल्या आणि अनेक कुटुंबे पुन्हा कर्जात गेली, हेही विसरता येत नाही. फळबाग योजना काँग्रेस सरकारची होती. मात्र अशी योजना गावात उतरताना कागद कोण भरून घेतो, मोजमाप पुस्तकातली नोंद कोण तपासतो, मजुरी थकली तर तहसीलदाराच्या दारात कोण उभे राहतो, यावर तिचे यश ठरते, आणि सांगोल्यात हे काम करणारी कार्यकर्त्यांची फळी गणपतरावांनी आधीच तयार केलेली होती. शेतकरी सहकारी सूतगिरणीही त्यांच्याच पुढाकारातून उभी राहिली.

आपल्या पगारातून कापल्या गेलेल्या रकमेतला काही भाग त्या माळावरच्या एखाद्या बागेत गेला असेल, असे आपण समाधानाने मानू शकता.

प्रश्न : आमच्या शुक्रवार पेठेतील जेधे मॅन्शनशी शेतकरी कामगार पक्षाच्या जन्माचा संबंध आहे, असे वडील सांगत. एवढा मोठा पक्ष एका तालुक्यापुरता कसा उरला? (एक वाचक, शुक्रवार पेठ)

उत्तर : आपल्या वडिलांची माहिती योग्य आहे. केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे हे पक्षाच्या संस्थापकांतले प्रमुख. १९४७-४८च्या सुमारास काँग्रेसमधल्या शेतकरी-कष्टकरी गटातून हा पक्ष आकाराला आला आणि १९५०च्या दाभाडी प्रबंधाने, म्हणजे आपल्या वैचारिक भूमिकेच्या दस्तऐवजाने, त्याने मार्क्सवादी भूमिका स्वीकारली. जेधे स्वतः १९५४ साली काँग्रेसमध्ये परत गेले, तरी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात पक्षाचा जोर टिकून होता. गणपतराव पहिल्यांदा निवडून आले त्या १९६२च्या विधानसभेत २६४ पैकी १५ जागा शेतकरी कामगार पक्षाच्या (शेकापच्या) होत्या आणि कृष्णराव धुळप हे विरोधी पक्षनेते होते. १९६७ साली २७० पैकी १९, १९७२ साली ७, १९७८ साली २८८ पैकी १३, आणि गणपतरावांच्या शेवटच्या विजयाच्या वेळी, २०१४ साली, ३ अशी ती संख्या वरखाली होत अखेर उतरत गेली.

कारणे अनेक आहेत. यशवंतराव चव्हाणांनी बेरजेचे राजकारण करून बहुजन समाजातले कर्ते नेते काँग्रेसकडे ओढले. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या, सहकारी कारखाने आणि बँका वाढल्या, आणि ज्याच्या हाती या संस्था त्याच्याकडे गाव, हे गणित पक्के झाले. विरोधी पक्षात राहून संस्था चालवणे दिवसेंदिवस अवघड होत गेले. पुढे शिवसेना आणि भाजप यांनी काँग्रेसविरोधी मतांची जागा घेतली. रायगड, सांगोला, मराठवाड्यातला कंधार-लोह्याचा भाग असे काही टापू उरले. सांगोल्यात पक्ष टिकला, कारण तेथे पक्ष, सूतगिरणी, दुष्काळाची चळवळ आणि एका माणसाची साधी राहणी ही एकमेकांत मिसळून गेली होती. आमदार झाल्यावरही एस.टी.ने फिरणारे भाई लोकांनी प्रत्यक्ष पाहिले होते.

याच ठिकाणी मला या कारकिर्दीची उणीवही दिसते. पन्नास वर्षांत सांगोल्यात पक्षाला घराण्याबाहेरचा, तेवढ्याच ताकदीचा उमेदवार उभा करता आला नाही. २०१९ साली त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले आणि शहाजीबापू पाटील यांच्याकडून ७६८ मतांनी हरले. २०२४ साली दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख शेकापतर्फेच निवडून आले. दोघेही शिकलेले आहेत आणि लोकांनी मते दिली आहेत, त्यामुळे त्यांच्या पात्रतेविषयी मला काही म्हणायचे नाही. परंतु वर्गीय राजकारणाचा प्रबंध लिहून निघालेल्या पक्षाला वारस शोधण्यासाठी घराकडे वळावे लागले, याचे मला दुःख आहे. राज्यात त्या वर्षी पक्षाचा तोच एक आमदार निवडून आला.

प्रश्न : माझे पहिले मतदान नुकतेच झाले. आपल्या आमदाराने सभागृहात काय केले, हे सामान्य मतदाराला पुण्यात बसून पाहता येते का? (एक वाचक, हडपसर)

उत्तर : येते. एके काळी मुंबई प्रांताच्या विधिमंडळाची पावसाळी अधिवेशने पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये भरत. आता अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत व हिवाळी नागपुरात भरते, पण कार्यवाही वाचण्यासाठी तेथे जाण्याची गरज उरलेली नाही. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर सभागृहांची कार्यवाही आणि प्रश्नोत्तरांच्या याद्या मिळतात. आपल्या आमदाराचे नाव तारांकित प्रश्नांच्या यादीत शोधावे, मात्र केवळ संख्या मोजू नये, कारण एकाच प्रश्नाखाली अनेक सदस्यांची नावे असतात. तो प्रश्न आपल्या मतदारसंघाशी निगडित आहे का, चर्चेच्या वेळी सदस्य हजर राहून उपप्रश्न विचारत होता का, आणि पुढच्या अधिवेशनात त्याने तोच विषय पुन्हा घेतला का, या तीन गोष्टी पाहाव्यात. सलग तीन-चार अधिवेशनांची कार्यवाही वाचली तर सदस्याचा कल स्पष्ट दिसू लागतो.

स्थानिक विकास निधीतली कामे ही निराळी बाब आहे. आमदार कामे सुचवतो, मंजुरी आणि खर्च जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नियोजन शाखेमार्फत होतो. कोणत्या कामाला किती रक्कम मंजूर झाली, काम कोणत्या यंत्रणेने केले आणि पूर्णत्वाचा दाखला दिला गेला का, ही माहिती पुण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयाकडे माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये शुल्क भरून मागता येते आणि तीस दिवसांत उत्तर देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. अर्जात आर्थिक वर्ष आणि मतदारसंघाचे नाव स्पष्ट लिहावे, एका अर्जात एकच विषय ठेवावा, आणि मुदतीत उत्तर आले नाही तर त्याच कार्यालयातील प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करावे.